सात, आठ, सहा आणि एक टिंब

मोहिनी शिरसाठ राउटरकडे पाहते तसं लोक तळ्याकडे पाहतात. काही करत नाही. नुसती पाहते.

राउटर म्हणजे भिंतीवरची ती डबी. दोन-चार शिंगांची, हिरवे दिवे लुकलुकणारी. घरात आलेलं इंटरनेट ती सगळ्यांच्या फोनला वाटून देते. मी तिच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. मोहिनीबरोबर राहायला लागले आणि पाहायला शिकले.

जळगावच्या पिंप्राळ्यात आम्ही एका खोलीत राहतो. मी धुळ्याची. मराठीत एम. ए. केलं, आता एका प्रकाशकाची मुद्रितं तपासते. ती शिंदखेड्याची. घरं, दुकानं, दवाखाने, जिथं बोलावतील तिथं जाऊन इंटरनेटची जोडणी करते. वायर ओढते. बिघडलं तर शोधते. तिच्या स्कूटीला शिडी बांधलेली असते. सिग्नलला थांबली की रिक्षावाले मागून ओरडतात, "ताई, शिडी आत घे, डोळा फुटेल!" ती मागं वळून हात जोडते. शिडी तशीच राहते.

तिचे वडील सुकदेव आबा रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होते. गावाबाहेर, कापसाच्या शेतांमध्ये एक चौकी. तिथं फोन वाजायचा. स्टेशनवरून एक आकडा सांगायचे. आबा एक आकडा परत द्यायचे. मग फाटक बंद. मग बराच वेळ काहीच नाही. नुसती शेतं, ऊन, एखादा थांबलेला बैल. आणि मग गाडी.

"मला वाटायचं, गाडी त्या आकड्यातनंच निघते," मोहिनी एकदा म्हणाली. "आबांनी आकडा चुकीचा दिला तर दुसरीच गाडी येईल. समुद्राकडची."

धुळ्यात तिनं डिप्लोमा केला. जळगावात एका केबलवाल्याकडे लागली. त्यानं तिला तक्रारींच्या फोनवर बसवलं. मुलगी शिडीवर कशी चढणार, हा त्याचा प्रश्न होता. ती चढली. काही दिवसांनी स्वतःचं काम सुरू केलं.

तिची काम करायची रीत वेगळी आहे. घरात गेली की आधी काही उघडत नाही. पाणी मागते. मग सांगते, "तुमचं रोजचं चालू द्या. मी नाहीच असं समजा." आणि डोळे मिटून बसते. मी विचारलं, काय दिसतं? म्हणाली, छोटी छोटी माणसं दिसतात. डोक्यावर चिठ्ठी घेऊन निघालेली. प्रत्येक चिठ्ठीवर पत्ता. काही पोचतात, काही वाटेत घुटमळतात. वेंधळी असतात बिचारी.

"आणि तू?"

"मी बघते, कुठं घुटमळतात."

मी पुस्तकं वाचून मोठी झाले. असलं काही मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती मात्र लगेच उठून भांडी घासायला गेली.

तहरीमनं मला फोन केला तो गुरुवारी. तहरीम माझी बी. ए.ची मैत्रीण. मेहरूणमध्ये राहते. ज्या शाळेत शिकवायची ती शाळा बंद पडली. आता एका कंपनीसाठी घरून लहान मुलांना इंग्रजी वाचायला शिकवायचं होतं. त्यासाठी एक नमुना तास द्यावा लागतो. तो तिनं दिला होता. अर्ध्यात नेट गेलं. पडद्यावर तिचा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजला. मुलं हसली. तपासायला बसलेल्या बाई निघून गेल्या.

"आणखी एकदा घेणार आहेत. उद्या चार वाजता. त्यानंतर नाही."

"आमच्या खोलीवर ये ना."

"घरचंच नेट बघणार आहेत, किरण. रोज घरूनच शिकवायचंय. आणि मोबाईलचं नेट तर आमच्या गल्लीच्या तोंडाशीच साथ सोडतं." मग हळूच म्हणाली, "मला ही नोकरी हवीय गं. फार."

शुक्रवारी दुपारी आम्ही गेलो. जुम्म्याची नमाज होऊन माणसं घरी परतली होती. गल्लीत जेवणाचा वास रेंगाळत होता. घर दुमजली. खाली पुढच्या बाजूला तहरीमच्या अब्बांचं, अय्युबभाऊंचं दुकान. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटरी ते पुन्हा भरून देतात. तांब्याच्या तारेची भेंडोळी दारात लटकलेली. ऊन त्यांच्यावर पडलं होतं आणि अख्खं दुकान लालसर झालं होतं. वरच्या मजल्यावर तिचे चाचा, शेहजादभाऊ. त्यांचं बाजारात मोबाईलच्या कव्हरांचं दुकान. दोघांची आई, अकबरी दादी, दोन्ही मजल्यांवर राहते. म्हणजे दिवसभर जिन्यातच असते.

"ही मुलगी करणार?" अय्युबभाऊंनी शिडीकडे पाहून विचारलं.

"भाऊ, तुम्ही मोटर भरता ना?" मोहिनी म्हणाली. "मी वायर भरते. पाणी मिळेल का?"

जिन्यावरून शेहजादभाऊंचा आवाज आला. "खालीच बघा, ताई. बिघाड खाली आहे. भाई सगळं नेट खालीच ओढून घेतो."

"मी ओढतो? वर बसून दिवसभर क्रिकेट कोण बघतं?"

"मी एकटा बघतो? तू येऊन बसत नाहीस?"

"आता नाही येत!"

"म्हणून तर भारत हरतोय."

दादी पाण्याचा तांब्या घेऊन मध्ये आल्या. "लहानपणी एका ताटात जेवायचे," त्या मोहिनीला म्हणाल्या. "आता एका वायरीत मावत नाहीत. ईदपासून बोलणं असंच. जिन्यातनं."

ईद हा शब्द मोहिनीनं पकडला. ईदला काय झालं? ईदला शेहजादभाऊंनी वरच्या मजल्यासाठी नवा राउटर आणला होता. तोवर खालच्या काळ्या राउटरवर सगळं घर चालायचं. वर नीट पोचायचं नाही, म्हणून पांढरा आणला. खालच्या काळ्यातून जिन्यानं एक वायर वर नेली, पांढऱ्यात खोचली. तेव्हापासून दोघांचंही नेट येतं, जातं, येतं, जातं. आणि दोघांनाही खात्री होती की दुसरा मुद्दाम करतोय.

मोहिनीनं वायर हातात धरली आणि दारापासून चालू लागली. दाराशी कंपनीची डबी. तिथून काळा. काळ्यातून जिना. जिन्यातून पांढरा. वायरीवर तिचा हात फिरत होता. आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवतात तसा. वायरीची टोकं नवी बसवली. दोन्ही राउटर बंद करून चालू केले. नेट आलं. तहरीमचा चेहरा उजळला. नेट गेलं.

मग मोहिनी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली. डोळे मिटले.

"झोपली का?" दादींनी मला विचारलं.

"काम करतेय."

"शेहजादही असंच सांगतो."

तहरीम वरच्या खोलीत चित्रांची कार्डं मांडून बसली होती. खाली दुकानाचा आवाज येतो, म्हणून तास वर घ्यायचा होता. तिथल्या खिडकीतून मेहरूणचं तळं दिसत होतं. पाण्यावर दुपार पसरली होती. ती दर थोड्या वेळानं जिन्यात डोकवायची. मोहिनीला पाहायची. मला खुणेनं विचारायची. मी मान हलवायचे.

मोहिनीनं डोळे उघडले आणि मांडीवर लॅपटॉप घेतला.

प्रत्येक राउटरला घरातला एक पत्ता असतो. चार आकडे आणि मध्ये टिंबं. तो पत्ता टाकला की राउटरचं पान उघडतं. मोहिनीनं पत्ता टाकला. निळं पान आलं. काळ्या राउटरचं.

"नीट बघ, किरण."

तिनं पान बंद केलं. तोच पत्ता पुन्हा टाकला. या वेळी पांढरं पान आलं. वेगळी अक्षरं, वेगळ्या कंपनीचं नाव.

पुन्हा टाकला. पांढरं. पुन्हा. निळं.

जणू एकाच दारावर थाप मारावी आणि दर वेळी दुसराच माणूस दार उघडायला यावा.

"एका पत्त्यावर दोघं राहतात," मोहिनी हळू म्हणाली. "हाक मारली की कधी हा ओ देतो, कधी तो. खालच्यानं दिली तर ठीक. बाहेरची वायर त्याच्याकडं आहे. वरच्यानं दिली, की तो चिठ्ठी हातात घेऊन उभाच. त्याला बाहेरचा रस्ताच माहीत नाही."

तिनं पत्ता मोठ्यानं वाचला. "एकशे ब्याण्णव. एकशे अडुसष्ट. अठ्ठ्याहत्तर. सहा." मग थांबली. "अठ्ठ्याहत्तर, सहा? कंपनीतून असा येत नाही. कुणी बदलला?"

खाली अय्युबभाऊ तार गुंडाळत होते. त्यांचा हात थांबला. वर शेहजादभाऊ कठड्याला टेकले होते. ते सरळ झाले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ईदनंतर बहुतेक पहिल्यांदाच.

"तूपण?" शेहजादभाऊ म्हणाले.

"तू... तूपण?"

मला काही कळेना. तहरीमनं सांगितलं. सात, आठ, सहा. सातशे शहाऐंशी. रिक्षांवर, टेम्पोंवर, दुकानांच्या पाट्यांवर असतो तो आकडा. अल्लाहच्या नावाचा, बरकतीचा. तिच्या आजोबांचा टेम्पो जळगाव-धुळे चालायचा. पाटीवर हाच आकडा होता. ते गेले, टेम्पो विकला, पण मुलांनी आकडा सोडला नाही. गाडीला तोच, फोनच्या शेवटी तोच. राउटरच्या पत्त्यात एका जागी दोनशे पंचावन्नच्या वरचा आकडा बसत नाही. सातशे शहाऐंशी एका खोलीत मावेना. म्हणून अय्युबभाऊंनी तो तोडून दोन खोल्यांत ठेवला. अठ्ठ्याहत्तर, टिंब, सहा. ईदला शेहजादभाऊंनीही वर तेच केलं. दोघांनी बिस्मिल्ला म्हणून केलं. कुणी कुणाला सांगितलं नाही. बरकतीची गोष्ट सांगायची कशाला?

मोहिनी हसली नाही. तिनं लॅपटॉपच्या कडेवरची धूळ बोटानं पुसली. "दोघांतला एक बदलावा लागेल," ती म्हणाली. "एकच आकडा. शेवटचा सहा आहे, तो सात करू."

"म्हणजे सातशे सत्त्याऐंशी?" अय्युबभाऊ उभे राहिले. "दुकान आहे माझं, पोरी. तो आकडा माझा आधीचा आहे. वरचा बदला."

"माझा नाही बदलणार," शेहजादभाऊ म्हणाले. "अब्बांच्या शेजारी टेम्पोत कोण बसायचं? मी. तू तर उलटी करायचास."

"मी एकदाच केली होती उलटी!"

"पारोळ्याला. मग एरंडोलला."

"चाचू!" तहरीम दारात उभी होती. हातात बदकाचं कार्ड. "अब्बू! चार वाजत आले."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. पण हललं कुणी नाही. तहरीम कार्डानंच वारा घेऊ लागली. कार्डावरचं बदक डुलत होतं.

मी मोहिनीच्या कानाशी वाकले. "गुपचूप बदलून टाक ना. त्यांना काय कळणार आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी दुसऱ्याच भाषेत बोलल्यासारखं. "पत्ता त्यांचा आहे," ती म्हणाली. "विचारल्याशिवाय कसा बदलायचा?"

आणि ती बसून राहिली. खाली एक बाप, वर एक चाचा, मध्ये ती. उन्हाचा एक पट्टा जिन्यावरून सरकत होता. मला वाटलं, आता आम्ही सगळे असेच बसून राहणार. संध्याकाळ होईल, तळं काळं होईल, आणि तहरीम बदक हातात धरून उभीच असेल.

अकबरी दादी पायऱ्या चढून मोहिनीशेजारी बसल्या. लॅपटॉपकडे पाहिलं. डोळे बारीक केले.

"हे काय मध्येच?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"टिंब आहे, अम्मी," अय्युबभाऊ खालून म्हणाले.

"तुमच्या अब्बांच्या टेम्पोवर असलं टिंब नव्हतं. सात, आठ, सहा. सरळ. हे कुणी घुसडलं?"

"अम्मी, ते घालावंच लागतं. त्याशिवाय घेत नाही."

"मग इथंच का घातलं? मधे माशी बसल्यासारखी दिसते."

मोहिनीचे डोळे मोठे झाले. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. "दादी," ती म्हणाली, "काय म्हणालात?"

"माशी म्हणाले."

"त्याच्या आधी."

"इथंच का घातलं म्हणाले."

"इथंच का घातलं," मोहिनी पुटपुटली. तिनं पायरीवरच्या धुळीत बोटानं लिहिलं. अठ्ठ्याहत्तर, टिंब, सहा. त्याच्याखाली पुन्हा लिहिलं. सात. टिंब. शहाऐंशी.

अय्युबभाऊ वर आले. शेहजादभाऊ खाली आले. चौघं त्या पायरीवर वाकले.

"सातशे शहाऐंशीच," शेहजादभाऊ म्हणाले.

"सातशे शहाऐंशीच," अय्युबभाऊ म्हणाले.

"आणि दोन वेगळे पत्ते," मोहिनी म्हणाली. "वेगळ्या गल्लीतले. टिंब फक्त सरकवलं."

शेहजादभाऊंनी छाती पुढे काढली. "वरचं सात, टिंब, शहाऐंशी करा. भाईकडे नुसते सहा. माझ्याकडे शहाऐंशी."

"माझ्याकडे अठ्ठ्याहत्तर," अय्युबभाऊ म्हणाले. "तुझ्याकडे नुसते सात."

"करू का?" मोहिनीनं विचारलं. आधी एकाकडे पाहून, मग दुसऱ्याकडे. दोघांनी मान हलवली.

मग मात्र तिचे हात भराभर चालले. पांढऱ्याची वायर काढली. पांढऱ्याला एकट्यालाच लॅपटॉप जोडला. पत्ता बदलला. तो बंद होऊन पुन्हा उठेपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली, पाळण्याकडे पाहतात तशी. जिन्यातली वायर आता पांढऱ्याच्या दुसऱ्या खोबणीत लावली. बाहेरून येणारं नेट आत घ्यायची खोबण. "आता वरचं वेगळं झालं," ती सहज म्हणाली.

दादींनी तिचा हात धरला. "वेगळं झालं?"

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मला उशिरा कळलं. आपल्याकडे भाऊ वेगळे होतात तेव्हा हाच शब्द वापरतात.

मोहिनीला लगेच कळलं. ती खाली बसली. "घर नाही, दादी. पत्ता. बाहेर जायचा रस्ता एकच आहे. वरच्याला बाहेर जायचं तर खालच्यातूनच जावं लागतं."

"म्हणजे मी खाली बटण बंद केलं, की याचं वर बंद?" अय्युबभाऊंनी विचारलं.

"हो, भाऊ."

अय्युबभाऊंच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"या अल्लाह," शेहजादभाऊ म्हणाले. "हे सांगायची काय गरज होती, ताई?"

चार वाजले. तहरीमनं दार लोटून घेतलं. आम्ही जिन्यात. मोहिनीनं लॅपटॉप मांडीवर घेतला. तो पांढऱ्यालाच जोडलेला होता. दूर कुठल्यातरी शहरातल्या एका यंत्राला ती हाक मारत होती. उत्तर आलं की पडद्यावर एक ओळ उमटायची. मग दुसरी हाक. दुसरी ओळ. तिनं सांगितलं, आधी दर थोड्या ओळींनी एक हाक परतत नव्हती.

आत तहरीमचा आवाज सुरू झाला. आधी बारीक, चिरका. ओळ. ओळ. मग एका मुलाचा आवाज आला. मग ती हसली. ओळ. आवाज मोकळा झाला.

खाली कुणी गिऱ्हाईक आलं. "भाऊ, मोटर झाली का? लावून दाखवा."

अय्युबभाऊ वाकून कुजबुजले, "आता नाही. मोटर लावली की लाइट ओढते."

"अहो, पाणी खोळंबलंय."

"थांब म्हटलं ना. पोरीचा तास चालू आहे."

एक ओळ उमटायला वेळ लागला. शेहजादभाऊंनी भावाचा दंड पकडला. मोहिनीचे ओठ हलत होते. ती आपल्या बोलीत त्या चिठ्ठीवाल्याला समजावत होती, "ये ना रे भाऊ, ये." ओळ उमटली. दंड सुटला नाही.

आत एका मुलानं विचारलं, "मॅडम, तुमच्या मागं खिडकीत काय आहे?" आम्ही ऐकलं. तहरीम थांबली. मग तिनं बहुधा कॅमेरा वळवला. "लेक," ती म्हणाली. "से इट विथ मी. लेक." दूरदूरच्या घरांतली मुलं एकदम म्हणाली, लेक. आमचं तळं त्या काळ्या डबीतून, पांढऱ्या डबीतून, त्या दोन टिंबांमधून कुठंकुठं गेलं. मी भिंतीला डोकं टेकलं.

तास संपला. दार बराच वेळ उघडलं नाही. मग तहरीम बाहेर आली. डोळे ओले.

"सोमवारपासून," ती म्हणाली. "पाच ते आठ."

दादींनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. शेहजादभाऊ हसत सुटले. अय्युबभाऊ मात्र गंभीर झाले.

"पाच ते आठ? तेव्हाच मी मोटरी लावून बघतो."

"मग सकाळी बघत जा," शेहजादभाऊ म्हणाले.

"सकाळी गिऱ्हाईक असतं."

"अब्बू," तहरीम म्हणाली.

अय्युबभाऊंनी खाली उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. मग पोरीकडे.

"सकाळी बघतो," ते म्हणाले.

ते मोटर लावायला खाली गेले. शेहजादभाऊही त्यांच्यामागं गेले. जड मोटर होती, एकट्याला उचलवली नसती. मोटर घुमू लागली तसे घरातले दिवे क्षणभर मंद झाले. तहरीमनं दचकून मोहिनीकडे पाहिलं. मोहिनी उरलेली वायर कोपराभोवती गुंडाळत होती.

"आता काही नाही," ती म्हणाली. "आता तुझा तास नाहीये."